अख्खा तांदूळ गोंदियाला, कणी घरी

माझा धाकटा मुलगा गेला महिनाभर मला एकच प्रश्न विचारतो आहे. नातीला गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घालायचं, की गोंदियाच्या त्या पिवळ्या गाडीवाल्या खाजगी शाळेत? जन्मभर सरकारी शाळेत मास्तरकी केलेल्या आईकडे याचं उत्तर तयार असणार, असं त्याला वाटतं. उत्तर माझ्याकडे नाही असं नाही. दोन आहेत, आणि ती आपसात भांडतात. ते भांडण ऐकून मी थकले आहे, म्हणून यावेळी त्याला काही सांगण्याऐवजी लिहूनच काढते.

आमचं गाव सडक अर्जुनीच्या अलीकडे, मोठ्या सडकेपासून आत. रायपूरकडे जाणाऱ्या ट्रकांचा आवाज वारा तिकडून असला की घरात यायचा, नसला की गावाच्या तलावावरच्या बदकांचा. घर मातीचं, कौलारू, पुढे सपरी, म्हणजे ओसरी. तिथे बाबा दोर वळत बसत आणि येणारा-जाणारा टेकत असे. मागच्या अंगाला उखळ. माझ्या लहानपणाचा आवाज कोणता असं कोणी विचारलं तर मी त्या उखळाचा सांगेन. माय आणि मी समोरासमोर उभ्या राहून धान कांडायचो, तिचं मुसळ वर गेलं की माझं खाली. धान आमचं चांगलं होतं. तलावाखालच्या बांधीत, म्हणजे पाणी धरणाऱ्या शेतात, चिन्नोर हा वासाचा, महाग तांदूळ व्हायचा. तो शिजायला लागला की शेजारच्या घरात कळायचं, म्हणून तो शिजायचा कमीच.

कांडताना काही दाणा तुटतो. माय सुपात घेऊन पाखडायची, मग चाळायची. अख्खा तांदूळ एकीकडे, तुटलेली कणी दुसरीकडे. दादा गोंदियाला शिकायला गेला त्या वर्षापासून घराचा नियमच झाला, अख्खा तांदूळ गोंदियाला, कणी घरी. थोडा तांदूळ दादाच्या बोर्डिंगात जायचा, बाकीचा विकून शाळेची फी भरायची. आम्ही कणीचा भात खायचो. तो चिकट होतो, गोळा होतो, वरून लाखोळीच्या डाळीचं पातळ वरण ओतलं की घशाखाली उतरतो. सणाला कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या, बाजाराच्या दिवशी सुकी झिंगं. उपाशी कोणी नव्हतं. पण बांधीत चिन्नोर पिकवायचा आणि ताटात कणी घ्यायची, हे वर्षानुवर्षं करून माणसाला एक प्रकारचा शीण येतो. तो झोपेनं जात नाही.

दादा म्हणजे वामन, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याला खाजगी शाळेत घालायचं खूळ बाबांच्या डोक्यात आलं ते धानाच्या अडतीवर. बाबा धान घेऊन गोंदियाला जायचे. अडत्या गादीवर बसून हिंदीत भराभर बोलायचा, आणि गावात चार माणसांना गप्प बसवणारे बाबा तिथे मुंडासं काखेत धरून नुसते "हाँ जी, हाँ जी" म्हणायचे. एकदा अडत्याचा मुलगा शाळेतून आला, बुटासकट गादीवर चढला आणि बापाशी इंग्रजीत काहीतरी बोलला. बाबा घरी आले ते ठरवूनच. म्हणाले, "माहा पोट्टा त्या अडत्यापुढं खुर्चीवर बसंल. उभा नाई राह्यनार." त्यांना दादाला कलेक्टर करायचं नव्हतं. खुर्चीवर बसवायचं होतं.

मला कोणी काही ठरवून दिलं नाही. मी गावातल्या जनपदच्या, म्हणजे तेव्हाच्या सरकारी, शाळेत गेले, आणि ती संपल्यावर सडकेपलीकडच्या मोठ्या गावातल्या सरकारी शाळेत, रोज पायी. फी नव्हती, म्हणून कोणी हरकत घेतली नाही. मी शिकत राहिले ते आमच्या घरात कोणाच्या लक्षात यायचं राहून गेलं म्हणून, असं मला अजूनही वाटतं. आमची सरकारी शाळा गावाला धरून चालायची. रोवणा लागला, म्हणजे भाताची रोपं चिखलात लावायचे दिवस आले, की शाळेला सुट्टी. धान कापणीला पुन्हा सुट्टी. दादाच्या शाळेत तसलं काही नव्हतं. तिथे सुट्टी उन्हाळ्यात, जेव्हा बांध्या भेगाळलेल्या असतात आणि माणसाला करायला काही नसतं. दादा उन्हाळ्यात यायचा, सपरीत खाटेवर पडून हिंदी पुस्तकं वाचायचा आणि पाऊस येण्याआधी परत जायचा.

तिथे तो सुखात होता असं नाही. पहिल्याच वर्षी एक गोष्ट झाली. नवं धान घरात आल्यावर आमच्याकडे नव्याची पूजा होते. नवा तांदूळ आधी देवाला, मग मानाच्या माणसाला. बाबांनी त्या वर्षी मानाचं माणूस म्हणून दादाच्या शाळेचे हेडमास्तर धरले. सौंदडहून छोट्या रेल्वेनं नव्या चिन्नोरचं पोतं घेऊन गेले, हेडमास्तरांच्या पाया पडले आणि पोतं बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात ठेवून आले. शहरात मान जुन्या तांदळाला, हे काय बाबांना ठाऊक नव्हतं? तोच तर अडतीवर जास्त भावानं जायचा. पण मान द्यायचा तर नव्याचा द्यायचा, हे त्यांच्या हाडात होतं. बोर्डिंगच्या आचाऱ्यानं नेहमीइतकं पाणी घातलं, नव्या तांदळाची खळ झाली, आणि सगळ्या पोरांनी ती थाळीत आपटून दाखवली. त्या दिवसापासून दादाचं नाव तिथे "गीला भात" पडलं. उन्हाळ्यात आला तेव्हा त्यानं मायला हळूच सांगितलं, "बाबाले तिकडं येऊ नको देजो." मायनं ते बाबांना सांगितलं नाही. काही ना काही निमित्त काढून ती पुढे तांदूळ दुसऱ्याच्या हाती पाठवू लागली.

हिंदीत शिकताना दादाची दोन वर्षं वाया गेली, त्यामुळे मॅट्रिकला आम्ही दोघं एकाच साली बसलो. परीक्षेचं केंद्र गोंदियाला, आणि नेमकं दादाच्याच शाळेत. ज्या शाळेसाठी आम्ही इतकी वर्षं कणी खाल्ली, ती मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. काय कल्पना केली होती कुणास ठाऊक. चार खोल्यांवर टिनाचं छप्पर, अंगणात एक कडुनिंब, भिंतीला ओल. आमच्या शाळेलाही कडुनिंब होता. फरक इतकाच की इथे बाकं होती आणि आम्ही पट्ट्यांवर बसायचो. मी त्या बाकावर बसले, आणि प्रश्नपत्रिका आली ती दादाला आली तीच. माझी मराठीत, त्याची हिंदीत, पण प्रश्न तेच. मला तेव्हा मायची इतकी कीव आली की पहिला प्रश्न वाचायला वेळ लागला.

पण दुसऱ्या दिवशी इंग्रजीचा पेपर होता, आणि तिथे माझी कीव जिरली. आमच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर टिकत नसे. एक बदलून जायचा, दुसरा यायच्या आत पाऊस यायचा. मग कवायतीचे गुरुजी गाइड उघडून आम्हाला वाचून दाखवायचे, अर्थ त्यांनाही लागत नसे, आणि ते बिचारे तसं कबूलही करायचे. दादाच्या शाळेत मात्र इंग्रजीला एक म्हातारे मास्तर होते, खडूस, छडीवाले, पण त्यांचं इंग्रजी पक्कं. फीमध्ये जे काही खरंखुरं होतं ते त्या एका माणसात होतं. मी त्या पेपरात इकडचं तिकडे लिहिलं आणि बाहेर येऊन कडुनिंबाखाली उभी राहिले. दादा हसत बाहेर आला. "सोपा होता नाई?" म्हणाला. मी हो म्हटलं.

निकालाचा पेपर सडकेवरच्या हॉटेलात बसनं यायचा. दादा सायकलवर जाऊन घेऊन आला. त्याचा नंबर तिसऱ्या वर्गाच्या यादीत होता. माझा कुठेच नव्हता. पुढे गुण कळले तेव्हा समजलं, मी बाकी सगळ्यात पास होते, दोन विषयांत दादाच्याही पुढे, आणि एकट्या इंग्रजीत नापास. पण त्या दिवशी सपरीत एवढंच होतं की मुलगा पास झाला आणि मुलगी नापास. बाबांनी गावात गूळ वाटला. दुसऱ्या दिवशी दोर वळता वळता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "झालं आता. पोट्टीच्या जातीनं एवढं शिकलं थेच लय झालं. दिवारीनंतर कुठंतरी पाहून टाकू."

आमच्या घरात मुली बोलत नसत, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा वाटलं, सुटले एकदाची. ती रोजची पायपीट, ते कवायतीच्या गुरुजींचं इंग्रजी, नकोच ते. गुण हाती आले तेव्हाच माझ्या गुरुजींनी निरोप धाडला की पावसाळ्यानंतर पुरवणी परीक्षा असते, एकाच विषयाला बसता येतं, हातचं वर्ष घालवू नका. तो निरोप मी संध्याकाळी सपरीत सांगितला, आणि तो तसाच हवेत विरून जाणार होता. त्यावेळी माय सूप घेऊन दारात कणी पाखडत बसली होती. तिनं हात थांबवला.

"वामन शिकवंल तिले," ती म्हणाली.

दादा चमकला. "मी? मी तं गोंदियाले जाऊन राह्यलो ना वो माय. रेल्वेत जागा निंगनार हायेत. तिथंच मित्राकडं राहीन म्हनतो."

"जाजो. रोवना झाल्यावर जाजो."

बाबांनी दोर खाली ठेवला. "कायले पोट्ट्याले अडकवून राह्यली? त्याच्या नोकरीचे दिवस हायेत. हिले काय करायचं हाये इंग्रजीचं?"

माय उठून उभी राहिली. बाबांसमोर ती सहसा उभी राहून बोलत नसे. आजही ते सूप मला दिसतं, अर्धं पाखडलेलं, तिच्या कमरेला टेकवलेलं. "थे इंग्रजी का वामनच्या एकट्याची हाये?" ती म्हणाली. "त्याच्यात माही कनी हाये. ह्या पोट्टीचीबी हाये. हिनं नाई खाल्ली का इतके वर्स? वामनच्या पोटात गेलं थे गेलं, मी काई मांगत नाई. डोक्यात गेलं थे तरी हिले काढून दे म्हना."

माय खाली बसली आणि पाखडायला लागली. बाबा उठून बैलांकडे गेले. तिच्या त्या बोलण्यावर माझं पुढचं सगळं आयुष्य उभं आहे, आणि ती ते बोलली ते काही माझ्या शिक्षणाच्या कौतुकानं नव्हे. ती थकली होती. इतकं कांडून, पाखडून, निवडून जे काही झालं त्यातलं वाया जाऊ नये, एवढंच तिला वाटत होतं, आणि वाया गेलेलं तिला कशातच खपत नसे.

रोवणा लागला. आता शिकवायचं कधी? दिवसभर आम्ही बायका चिखलात, आणि संध्याकाळी पाठ सरळ होत नाही. मग ठरलं की दादा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून शिकवील. आमच्या ओळीत माय, मी आणि गावातल्या रोवणाऱ्या बायका. त्यात गिरजाबाई नावाची एक, तोंडानं फाटकी पण ओळीची पुढारीण. तिच्या गाण्यावर सगळ्यांचे हात चालायचे. दादा छत्री धरून, बूट घालून बांधावर उभा. तो मराठीत वाक्य सांगायचा, मी वाकल्या वाकल्या इंग्रजीत ओरडायचं. "मी नदी पाहिली आहे." मी ओरडले, "आय हॅव सीन द रिव्हर!" गिरजाबाईनं कमरेवर चिखलाचा हात ठेवून विचारलं, "काय गा वामन, तिकडल्या नदीले पानी इंग्रजीत येते काय?" सगळी ओळ हसली. दादा रागावला. पण दोन-चार दिवसांत क्रियापदांची रूपं आली आणि बायकांना ती आवडली. गो, वेंट, गॉन. तीन रोपं, तीन शब्द. सी, सॉ, सीन. गाण्याऐवजी तेच चालू झालं. पलीकडच्या बांधीतले लोक काम थांबवून बघायचे. गिरजाबाई म्हणायची, "वामन, मलेबी पास करजो बापा, म्हातारीले मास्तरीन बनव." पुढे वर्गात मी शेकडो पोरांना क्रियापदं शिकवली, ती हात खाली-वर करत शिकवली. पोरं हसायची, पण विसरायची नाहीत.

एके दिवशी पाऊस इतका लागला की बांधावरून दादाला माझं बोलणं ऐकूच येईना. तो चिडला, बूट काढले, पँट वर केली आणि सरळ बांधीत उतरला. उतरला आणि आमच्या दिशेनं चालत आला. रोवणा करणारा माणूस मागे मागे सरकत जातो. लावलेलं पुढे राहतं. हे आमच्याकडे चालायला शिकलेल्या पोराला कळतं. दादा लावलेल्या रोपांवरून पाय टाकत, पुस्तक सांभाळत, समोरून आला. मागे चार-पाच ओळी आडव्या झाल्या. गिरजाबाई किंचाळली, "अगा, मांगं सर! कुठं येऊन राह्यला! हे काय रस्ता होय?"

दादा थांबला. त्याला कळेना काय चुकलं. तेव्हाच मी मान वर केली, तर बाबा पलीकडच्या धुऱ्यावर उभे. रोपांच्या पेंड्या घेऊन आले होते. त्यांनी ते पाहिलं होतं. मला वाटलं आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. पेंड्या खाली ठेवल्या, बांधीत उतरले, आणि वाकून एकेक आडवं झालेलं रोप पुन्हा उभं करू लागले. आपला मुलगा रोवणा कोणत्या बाजूला जातो ते विसरला आहे, हे त्यांना त्या पावसात कळलं, आणि त्याला ते विसरायला लावायला आपणच पोती वाहिली हेही कळलं असणार. दादाही वाकला आणि रोपं लावू लागला, वेडीवाकडी. दोघं बाप-लेक शेजारी शेजारी काम करत राहिले. मला रडू आलं, पण पावसात ते कोणाला दिसलं नाही.

पुरवणी परीक्षेत मी पास झाले. काठावर, पण झाले. प्राथमिक शाळेत मास्तरीण लागले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. दादाला रेल्वेत मालधक्क्यावर कारकुनी मिळाली. बाबांची हौसही फिटली; एकदा धान घेऊन ते दादाबरोबर अडतीवर गेले, तेव्हा अडत्यानं दादासाठी खुर्ची मागवली. दादा बसला. बाबा शेजारी उभे राहिले, मुंडासं काखेत धरून, सवयीनं. ही गोष्ट त्यांनी मरेपर्यंत सगळ्यांना सांगितली, आणि आपण उभे होतो तेही सांगायचे, त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. त्यांच्यामागे बांधी ठेक्यानं गेली, कारण ती करणारं घरात कोणी उरलं नाही. तलावाखालची ती बांधी अजून आहे. चिन्नोर आता तिथे कोणी लावत नाही.

मुलाला मी काय सांगू? फीनं एक चांगला इंग्रजीचा मास्तर विकत मिळाला, हे खरं. तो नसता तर मीही मास्तरीण झाले नसते, हेही खरं. आणि सरकारनं तोच मास्तर आमच्या शाळेत नुसता टिकवला असता, तर आम्ही सगळ्यांनी अख्ख्या तांदळाचा भात खाल्ला असता. मी ज्या शाळेत जन्म घालवला तिथे आता चार पोरं उरली आहेत, कारण बाकीच्यांच्या बापांना खुर्ची हवी आहे. त्यांनाही मी नावं ठेवू शकत नाही. मुलगा म्हणतो, फी परवडते गं आपल्याला. परवडत असेल. आमच्याही घरी परवडतच होती.

पहिला पगार झाला तेव्हा मी गोंदियाहून जुना चिन्नोर आणला, अख्खा, निवडलेला, एक तुटका दाणा नाही. मायला म्हटलं, आज तू चुलीपाशी यायचं नाही. तिला पाटावर बसवलं. भात मोकळा झाला होता, घरभर वास सुटला होता. वर तूप घातलं. माय जेवायला लागली. मी समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत होते. ती दोन-चार घास खाऊन थांबली. पुन्हा एक घास घेतला, चावला, आणि माझ्याकडे अशी बघू लागली की जणू तिचंच काही चुकलं आहे.

"चांगला हाये वो बाई, लय चांगला हाये," ती म्हणाली. "पर हे मोकरं मोकरं जाते. पोट भरल्यावानी नाई वाटत मले. असंल तं थोडी कनी टाक."

तिचं ताट मी बाजूला ठेवलं, आत गेले आणि तिच्यासाठी कणी शिजत टाकली.